तळघरातील सहीच्या मोहिमेची हकीकत

वाचणाऱ्यांनी स्वस्थचित्त असावे. किल्ले घेतले, मुलूख जिंकिले, त्यांची दफ्तरे उदंड आहेत. परंतु इस्पितळाच्या तळघरी किरणांच्या यंत्राशेजारी एका सहीकरिता सात महिने मोहीम चालली, तिची दाद कोणी घेतली नाही, म्हणोन ती येथे यथास्थित लिहिली असे.

यंत्राच्या ठाणेदार खाशा मिलिमीटरबाई. हे नाव रुग्णांनी ठेविले, कारण बाई माणसास टेबलावर निजवून दोन मिलिमीटर इकडे, तीन मिलिमीटर तिकडे सरकवीत, आणि मनाजोगते झाल्यावाचून किरण सोडीत नसत. कर्करोगाच्या गाठीवर नेमका मारा करण्यात सव्वीस वर्षे खर्ची पडली होती. परंतु कायदा ऐसा की, माऱ्यापूर्वी रोज पोटाचा फोटो काढावा, आणि गाठ पाच मिलिमीटरहून अधिक सरकली असेल तर मोठ्या डॉक्टरांची सही आल्याखेरीज बटणास बोट लावू नये. मोठे डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर मीटिंगीत दाखल. मग वॉर्डाच्या मावशींनी खलिता घेऊन कूच करावे, लिफ्ट रुसावी, मावशींनी गुडघे धरीत जिना चढावा, आणि बंद दाराबाहेर तिष्ठत राहावे.

इकडे टेबलावर घड्याळजीकाका, दुकान मुलाच्या हवाली करून निवृत्त झालेले. त्यांच्या प्रोस्टेटवर सदतीस दिवसांचा मारा मुक्रर होता, आणि शर्त ऐसी की रोज पाच ग्लास पाणी पिऊन मूत्राशय तुडुंब भरावे, जेणेकरून आतडी किरणांच्या वाटेतून बाजूस राहावी. काकांनी पाणी प्यावे, टेबलावर चढावे, फोटोत फरक निघावा, सही येईतो वीस मिनिटे जावी, आणि काकांचा धीर सुटावा. मग उतरावे, धावावे, आणि पुन्हा पहिल्या ग्लासापासून आरंभ. बाराव्या दिवशी तेवढाही अवकाश मिळाला नाही आणि टेबलावरच चादर भिजली. काकांनी कोणाकडे न पाहता पायजमा बदलला.

"ताई, उद्यापासून मी येत नाही," ते म्हणाले. "मेलो तरी चालेल, पण हे नको."

बाईंनी दिवस मोजले. पंचवीस दिवस बाकी, आणि मारा मध्येच सोडिला तर गाठ पुन्हा डोके काढणार. टेबल किती सरकवावे हे त्यांनी फोटो पाहताक्षणी ताडले होते. खोळंबा होता तो एका सहीचा. त्यांनी काकांच्या नाकदुऱ्या काढिल्या, काकूंना फोन केला, आणि शुक्रवारपर्यंत येण्याचा तह ठरविला.

आता सहीच्या अधिकाराचा बाईंचा अर्ज सात महिन्यांपूर्वीच रुजू झाला होता. इस्पितळाच्या समितीने शंभर जुने फोटो देऊन परीक्षाही घेतली, त्यात सत्त्याण्णव ठिकाणी बाईंचे आणि डॉक्टरांचे मत एक पडले, आणि उरलेल्या तिहींत डॉक्टरांनी पुन्हा पाहून आपले मत फिरविले. तथापि नव्या पदास 'वरिष्ठ' म्हणावे की 'प्रगत', या मुद्द्यावर समिती अडून बसली, आणि चार बैठकी चहाबिस्किटांसह जाया झाल्या. चादर भिजल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाचवी भरली, तीत बाई न बोलावता शिरल्या, ती भिजकी चादर इस्पितळी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीसह टेबलावर ठेविली, आणि बारा दिवसांची हकीकत सांगितली. समितीने बिस्किटांच्या बशा मागे ओढिल्या. मग समितीत बसलेले मोठे डॉक्टर खाकरले.

"खरं सांगू का? मी फोटो बघण्याआधी बाईंनी खाली काय लिहिलंय ते बघतो."

'वरिष्ठ प्रगत' ऐसी दोन्ही पदे एकत्र बहाल करून समितीने आपली अब्रू राखिली आणि सनद दिली.

शुक्रवारी काका टेबलावर चढले. फोटो आला. मूत्राशय भरले होते, परंतु पोटातील वायूने गाठ ऐसी वाकडी ढकलली होती की टेबल सरकवूनही नेम बसता ना.

काकांनी विचारले, "आता तुमचीच सही ना? मग करा की, ताई."

बाईंच्या हाती पेन होते. सव्वीस वर्षे 'डॉक्टर नको म्हणतात' ही ढाल पुढे करून त्यांनी रुग्णांचा राग निभावला होता, आणि आज ती ढाल सनदेबरोबरच गेली हे त्यांस आता उमगले. हात फोनाकडे गेला, आणि माघारी आला. भीती वाटत होती, ती त्यांनी गिळली.

"काका, उतरा. मोकळे होऊन या, जरा फिरा, आणि पुन्हा पाणी प्या."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

काका हळूच टेबलावरून उतरले आणि मावशींपाशी ग्लास मागितला.

तासाभराने दुसरा फोटो जुळला, सही झाली, आणि किरण नेमके गाठीवर पडले. काका सदतीसही दिवस आले. एणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, आणि नाही म्हणण्याचा अधिकार तळघरी रुजू झाला, ऐसे दफ्तरी नोंदले असे.