श्वासाला हिंगाची धुरी

खंडेराव गेटच्या अख्ख्या गल्लीत विश्वंभररावांसारखं लोणचं कुणालाच जमत नाही, असं खुद्द विश्वंभररावच सांगायचे! रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक, त्यांच्या बरणीला कधी बुरशी शिवली नाही. आणि दुसरी, त्यांचं झोपेचं यंत्र.

यंत्र म्हणजे उशाशी ठेवायची एक पेटी. तिच्या नळीला जोडलेला मास्क नाकावर चढवला की ती रात्रभर हवा ढकलत राहते. विश्वंभररावांचा श्वास झोपेत मधेच अडायचा हो! आधी भिंती हलवणारं घोरणं, मग एकदम शांतता. त्या शांततेला त्यांच्या पत्नी यमुनाबाई फार भ्यायच्या. यंत्र आलं आणि दोन्ही थांबलं.

"अंकल जी, मास्क रोज धोना है," दवाखान्यातल्या कांचननं बजावलं होतं. "हल्का साबुन, गुनगुना पानी, और छाँव में सुखाना."

"सगळे चोचले!" विश्वंभरराव घरी येऊन म्हणाले. आणि पुढे कित्येक महिने येईल त्याला ऐकवत राहिले, "मी एकदाही हात लावलेला नाही, तरी बघा कसं लखलखतंय! वस्तू वापरणाऱ्यावर असतं सगळं!"

यमुनाबाई चहा गाळत राहायच्या.

मग त्या बहिणीकडे समथरला गेल्या, आणि चार दिवसांत यंत्राचा नूर पालटला. मास्क चिकट झाला, पाण्याच्या भांड्यात बुळबुळीत थर धरला, नळीला कुबट वास सुटला. विश्वंभररावांनी नळीत डोळा घालून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. बुरशी धरणार म्हणता? अहो, बुरशीशी तर त्यांचं पिढीजात वैर! लोणचं भरण्याआधी निखाऱ्यावर हिंग टाकायचा, त्यावर बरणी पालथी घालायची, की वर्षभर बुरशीची हिंमत नाही. हे त्यांच्या पणजीपासून चालत आलेलं.

त्यांनी निखारे फुलवले, हाताला लागला तेवढा हिंग टाकला आणि भांडं, नळी, मास्क, सगळ्यांना यथासांग धुरी दिली. मग जेवून, खिडक्या उघड्या टाकून, मास्क लावून दुपारी आडवे झाले आणि बटण दाबलं.

आई आई गं! नाकात थेट फोडणीच बसली! डोळ्यांतून धारा, घशात ठसका, आणि पेटी आपली इमानदारीनं हिंग ढकलतेय! गडबडीत मास्कचा पट्टाही सुटेना. तो वास खिडकीतून शेजारच्या शुक्लाइन भाभींपर्यंत पोचला. त्यांनी नाक वर केलं आणि एकच आरोळी ठोकली.

"गैस लीक हो गई! चूल्हे बंद करो रे!"

गल्लीभर शेगड्या विझल्या. कुणाच्या पुऱ्या तशाच तेलात राहिल्या. तेवढ्यात दारात विश्वंभरराव उगवले. डोळे लाल, नाकावर मास्क, खाली लोंबणारी नळी!

"अरे, भैया जी को ऑक्सीजन लग गई!" भाभींनी टाहो फोडला.

"हिंग! हिंग!" विश्वंभरराव मास्कमधून ओरडत होते. ऐकतंय कोण? लोकांनी त्यांना उचलून ई-रिक्षात घातलं. नेमक्या तेव्हाच समथरहून परतलेल्या यमुनाबाई गल्लीत शिरल्या. त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली.

"अहो! श्वास चालू आहे ना?" एवढंच त्या विचारत राहिल्या. दवाखाना येईपर्यंत त्यांनी नवऱ्याच्या छातीवरचा हात काढला नाही.

कांचननं नळी हुंगली आणि कपाळाला हात लावला. "अंकल जी, ये साँस की मशीन है, अचार का मर्तबान नहीं! धुआँ इसमें बैठ जाता है, फिर सीधा फेफड़ों में!" तिनं नवीन मास्क, नळी, भांडं आणि फिल्टर काढून दिला. मग सहज म्हणाली, "पिछली जाँच तक तो शीशे जैसी थी. आंटी जी रोज धोती थीं ना?"

विश्वंभररावांनी बायकोकडे पाहिलं. यमुनाबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या.

"तू धुत होतीस? आणि मला बोलू दिलंस सगळं?" परतताना त्यांनी विचारलं.

"बोलण्यानं कुठे बुरशी धरते?" त्या म्हणाल्या. "अहो, तुमचा श्वास थांबला की मी उठून बसायचे. हलवून जागं करायचे. वर्षानुवर्षं सलग झोप अशी नव्हतीच. हे यंत्र आलं आणि मी झोपायला लागले. मग धुऊ नको तर काय करू?"

विश्वंभररावांना आता हिंग नसतानाही डोळे पुसावे लागले. आपण ज्या श्वासांवर इतके दिवस मिरवत होतो ते सगळे हिच्या हातचे, हे त्यांना लख्ख कळलं. "तुझे उपकार फिटायचे नाहीत," ते म्हणाले. गल्लीत उतरल्यावर त्यांनी दारोदार जाऊन हात जोडले, आणि भाभींच्या तर पायाच पडणार होते, पण त्या लाजून आत पळाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधी उठले. कोमट पाणी, हलका साबण. मास्क धुतला, नळी खळबळून सावलीत टांगली. इतक्यात खोलीतून असा काही गडगडाट सुरू झाला की कोनाड्यातले पेले वाजले!

शुक्लाइन भाभी भिंतीवरून डोकावल्या. "काए भैया जी, मसीन फिर बिगर गई का?"

"नहीं भाभी," विश्वंभरराव हळू आवाजात म्हणाले आणि खोलीचं दार अलगद ओढून घेतलं. "आज इनकी बारी है. सोने दीजिए."