चंबळेपलीकडचे चलान

चंबळेच्या अलीकडे, बंद पडलेल्या जकात नाक्याशी आप्पासाहेब मोटार थांबवत, खाली उतरत आणि स्वतःची झडती घेत. "माल?" ते दरडावत. "काही नाही, साहेब," तेच नम्रपणे उत्तर देत. "जा." मग ते पुन्हा मोटारीत बसत. गॅरेजवाल्या मुन्नालालने हे सांगितले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. पुढे मी ते स्वतः पाहिले.

आप्पासाहेब ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत आमच्या शेजारी राहत. त्यांची उभी नोकरी त्याच नाक्यावर नाकेदार म्हणून झाली. रियासत विलीन झाली, मध्यभारत आला, नाका उठला. तथापि त्यांच्या मते विलीन झाले ते ग्वाल्हेर. नदी झाली नव्हती. "चंबळ आहे ना जागेवर? मग पलीकडे परदेश. बात खतम." आग्र्याचा पेठा त्यांच्या लेखी विलायती मिठाई होता.

अशा या परदेशात ते दर महिन्याला किला गेटजवळच्या मुन्नालालची भाड्याची मोटार स्वतः हाकत जात आणि रात्री परत येत. कारण विचारले की म्हणत, "तिथले रस्ते पाहून येतो." रेल्वे स्वस्त होती, जलद होती, स्टेशन टांग्याच्या अंतरावर होते. मी तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत होते आणि एवढी अकार्यक्षमता मला सोसवत नसे.

मग आग्र्याहून दंडाची चलाने येऊ लागली. पहिल्याला आप्पासाहेबांनी उत्तर धाडले: 'परराज्याचा कागद आमच्या दरबारामार्फत यावा.' दुसऱ्याला: 'दरबार बरखास्त झाल्याने कागद येणे अशक्य. सबब मामला मिटला.' तिसऱ्या चलानाबरोबर मात्र हुकूम आला: मॅजिस्ट्रेटपुढे पेशीला जातीने हजर व्हावे, अन्यथा मोटार आग्र्यात दिसताच जप्त होईल.

मुन्नालाल तो हुकूम आणि तिन्ही चलाने घेऊन थेट माझ्याकडे आला. "दीदी, आप ही समझाइए. गाड़ी जब्त हो गई तो मैं क्या ताँगा हाँकूँगा? बाबूजी पेशी पर नहीं गए, तो चाबी नहीं मिलेगी."

मी तिन्ही चलाने घेऊन आप्पासाहेबांकडे गेले आणि टेबलावर ओळीने मांडली. ठिकाण एकच: मुलींच्या शाळेचे फाटक, जिथे वाहन उभे करण्यास मनाई होती. वेळही एकच, शाळा सुटण्याची.

"इंजिन तापलं होतं," आप्पासाहेब म्हणाले.

"तिन्ही वेळा तिथंच? पौषातसुद्धा?"

"परदेशी हवा. तुझ्या पुस्तकात नसेल."

प्रत्येक चलानाच्या तळाशी शिपायाचा शेरा होता: 'चालकाने मोटारीतून खाली उतरण्यास साफ नकार दिला.' तो वाचला आणि माझे समीकरण सुटले. त्यांची एकुलती एक मुलगी सुमन त्याच शाळेत शिकवीत असे. तिने आग्र्याच्या एका मास्तराशी स्वतःच्या मनाने लग्न केले, तेव्हा आप्पासाहेबांनी सगळ्या गल्लीसमोर शपथ घेतली होती: त्या मातीला माझा पाय लागणार नाही. रेल्वेने गेले असते तर फलाटावर उतरावे लागले असते. मोटारीतून पाय खाली ठेवावा लागत नव्हता. शपथेच्या दृष्टीने ही मांडणी निर्दोष होती.

"काका," मी म्हटले, "मॅजिस्ट्रेट काही मोटारीपाशी येणार नाहीत. पेशीला उतरावंच लागेल. नाहीतर चाबी गेली, आणि ते फाटकही."

त्यांनी चलानांची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तू चल," ते शेवटी म्हणाले. "मामला परराष्ट्राचा आहे. दुभाषी हवा."

पेशीच्या दिवशी नाका आला. आधी माझी झडती झाली. माझी आकडेमोडीची स्लाइडरूल त्यांनी बराच वेळ संशयाने न्याहाळली. मग ते स्वतःकडे वळले.

"माल?"

आप्पासाहेबांनी सीटखालून एक डबा काढला.

"तिळाची गजक," ते हलकेच म्हणाले. "मुरारची. तिला आवडते."

"कुठे उतरणार?" नाकेदाराने विचारले.

बराच वेळ त्यांनी स्वतःला तिथेच अडवून ठेवले.

"आधी कचेरीत," ते म्हणाले. "मग मुलीकडे."

नाकेदाराने डबा परत सीटवर ठेवला, रुमालाने त्याच्यावरची धूळ पुसली आणि म्हणाला, "जा."