कॅमेरा कुठे होता?

दामलेकाकांच्या खिशात कायम मोजायची टेप असायची. ते शिंपी नव्हते, सुतारही नव्हते. डोंबिवली पश्चिमेला आमच्या चाळीखाली त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि वर, माझ्या शेजारच्या खोल्यांत, ते आणि शालूकाकू राहायचे. फोटो काढून झाला की काका टेप काढत. आधी लेन्सची जमिनीपासूनची उंची, मग समोरच्या माणसाचं अंतर. फोटो तयार झाला की ते सगळं पाठीमागे पेन्सिलीने उतरे: ‘कॅमेरा चार फूट दोन इंच. अंतर सात फूट. किंचित डावीकडून.’

पासपोर्ट फोटोही यातून सुटत नसे. मागे काहीतरी भलतंच लिहिलंय म्हणून ठाण्याच्या एका कचेरीने एकाचा अर्ज परत पाठवला, तर काका म्हणाले, "भलतं काय त्यात? मोजून बघा म्हणावं." कल्याणच्या एका लग्नात त्यांनी नवरीच्या मामाला टेपचं टोक धरून उभं केलं होतं. मामा बिचारे मुहूर्ताची वेळ होईपर्यंत धरून होते.

मी तेव्हा पंचविशीत होतो, ठाण्याला नोकरीला जायचो. एकदा त्यांना म्हटलं, "काका, हे वाचणार कोण?"

"अरे, फोटोत कोण आहे ते कुणालाही दिसतं. काढणारा कुठे होता ते नको कळायला? शालूचे एवढे फोटो आहेत. तलावपाळीचे, टिटवाळ्याचे. एकात तरी मी आहे का? जो काही आहे तो पाठीमागे, पेन्सिलीत."

मी हसलो होतो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

एका रविवारी काका लग्नाचे फोटो काढायला गेले. जाताना जुना कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणाले, "दोनच फोटो उरलेत रे, रोल संपवून टाक." मी एक गॅलरीतल्या मांजराचा काढला आणि एक काकूंचा. त्या स्वयंपाकघराच्या दारात सुपात वाल सोलत बसल्या होत्या. महिन्याभरात काकू गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या.

तेराव्यानंतर काका तो फोटो घेऊन माझ्या दारात उभे राहिले. काकू लेन्सकडे बघून हसत होत्या. इतक्या छान हसणाऱ्या काकू मी एरवी कधी पाहिल्या नव्हत्या. काकांनी फोटो उलटा केला. पाठ कोरी होती.

"कुठून काढलास?"

"समोरून. उभ्यानेच, बहुतेक."

"बहुतेक?" काका एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग आमचे रविवार त्यातच जाऊ लागले. फोटोत दाराच्या चौकटीची कड मागच्या कपाटाच्या कोपऱ्याला नेमकी टेकलेली होती. ती तशी कुठून टेकते, ते काका तिकाटण्यावर कॅमेरा लावून शोधत. काकूंच्या जागी वालांचं सूप ठेवलेलं असे. मी टेपचं टोक धरायचो, त्या मामांसारखा.

तिसऱ्या रविवारी काका कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, "लेन्स तीन फूट आठ इंचांवर येतेय. तू एवढा ताडमाड. उभा नव्हतास तू. बसला होतास."

ते तिकाटणं इंचाइंचाने खिडकीकडे सरकवत गेले. खिडकीखाली त्यांचं स्टूल होतं. दुपारी निगेटिव्हवर ब्रश फिरवत ते त्यावर बसायचे. ते आड आलं म्हणून काकांनी उचललं, तिथे कॅमेरा ठेवला आणि चौकटीची कड कपाटाच्या कोपऱ्याला टेकली.

तेव्हा मला आठवलं. सगळं आठवलं.

"काका, मी उभाच होतो आधी. काकूच म्हणाल्या, उभ्याने नको रे, ह्यांच्या स्टुलावर बस. तिथे बघून हसायची सवय आहे मला."

 काकांनी कॅमेरा बाजूला घेतला, स्टूल परत जागेवर ठेवलं आणि ते त्यावर बसले. मी टेप पुढे केली, पण त्यांनी ती घेतली नाही. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी फोटोच्या मागे सावकाश लिहिलं:

‘कॅमेरा माझ्या जागेवर.’