अजगराला ऊब देण्याबाबत

सिंगापुरात घरी साप पाळता येत नाही. त्यामुळे अलेक्झांड्रा भागातल्या एका केबल कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत राहणारा अजगर पाळीव नव्हता. तो रीतसर परवाना काढून आणलेला 'शैक्षणिक प्रदर्शनाचा घटक' होता. कंपनीच्या बोधचिन्हात अजगर होता आणि नुसत्या चित्रावर भागवणं मोठ्या साहेबांच्या स्वभावात नव्हतं.

या घटकाने खाणं सोडलं. पशुवैद्य डॉक्टर लिम आल्या, पेटीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "हा गारठलाय." खिडकीबाहेर माणसं घाम पुसत बसची वाट बघत होती. आत एसी अठरा अंशांवर होता.

सुरक्षा समितीची तातडीची बैठक भरली. समितीचा सचिव हेमचंद्र बोंद्रे मूळचा पुण्याचा आणि इमारतीची देखभाल त्याच्याकडे. आईने विणून दिलेला स्वेटर पुण्यात त्याने कधी धड वापरला नव्हता. विषुववृत्ताजवळ आल्यापासून मात्र तो रोज अंगात असे.

हेमचंद्रला ही बैठक म्हणजे आयतीच संधी वाटली. अकाउंट्समधल्या नंदाताईंना संधिवात होता आणि गारठ्यात त्यांची बोटं आखडायची. लिटिल इंडियातून आणलेला छोटा हीटर त्यांनी टेबलाखाली ठेवला, तर आगीच्या नियमाखाली तो जप्त झाला. काम मागे पडू लागलं आणि नेमकं त्याच महिन्यात त्यांच्या पासचं, म्हणजे सिंगापुरात काम करायच्या परवान्याचं, नूतनीकरण होतं. "एसीचं मी बघतो," असा शब्द हेमचंद्रने त्यांना दिला होता.

"सर, एसी चोवीसवर नेला तर सापाचंही भागेल आणि माणसांचंही," तो म्हणाला.

"कॅनॉट लाह, जमणार नाही," समितीचे अध्यक्ष मिस्टर कोह म्हणाले. "अठरा अंश हेड ऑफिसने ठरवलेत. ती कंपनीची इमेज आहे."

मग पेटीलाच ऊब द्यायचं ठरलं. ऑफिसात हीटरला बंदी होती खरी, पण नियमात 'कर्मचाऱ्यांनी' असं स्पष्ट लिहिलं होतं. अजगर कर्मचारी नसल्याने मंजुरी तिथल्या तिथे मिळाली.

डॉक्टर लिमनी अटी समजावल्या. गरम होणारी चटई काचेच्या बाहेरून, खालून लावायची, म्हणजे अंग भाजणार नाही. तिला थर्मोस्टॅट हवाच. आणि ऊब एकाच टोकाला. "दुसरं टोक गार राहू द्या. कुठे बसायचं ते त्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे. नाहीतर तो छळ आहे." समितीने गंभीरपणे माना डोलावल्या आणि जॅकेटच्या चेन गळ्यापर्यंत ओढून घेतल्या.

अजगर खाऊ लागला. पण एसीचा सेन्सर नेमका पेटीच्या वर, भिंतीवर होता. त्याला वाटलं, ऑफिस तापलंय, म्हणून त्याने गारवा वाढवला. तो पेटीला जाणवला आणि थर्मोस्टॅटने चटई आणखी तापवली. दोन्ही यंत्रं इमानेइतबारे काम करत राहिली आणि लोकांच्या टेबलांपाशी हिवाळा अवतरला. सेन्सर हलवायला हेड ऑफिसची परवानगी लागत होती. तिथून विचारणा झाली, "सेन्सरवर तापमान किती?" सेन्सरवर ते बरोब्बर अठरा होतं, त्यामुळे अर्ज निकाली निघाला.

कर्मचारी पेटीच्या काचेला तळवे लावून उभे राहू लागले. त्याने अजगराला त्रास होतो म्हणून व्यवस्थापनाने 'निरीक्षणाच्या' पाळ्या लावल्या. मॅनेजरमंडळींना निरीक्षणाची फारच आवड निघाली. नंदाताईंची पाळी काही येईना.

"हेमचंद्र, काल माझी बोटं कीबोर्डवर नुसती पडून होती हो," त्या म्हणाल्या. "उद्या बैठकीत बोलाल ना?"

"बोलाल ना म्हणजे काय, नंदाताई! शब्द दिलाय मी."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर डॉक्टर लिमचा अहवाल वाचला गेला. अजगराची प्रकृती उत्तम होती. मिस्टर कोहनी लॅपटॉप मिटला आणि लोकरी मफलरमधून विचारलं, "सो, एनीबडी कोल्ड?"

ज्यांचे पास नूतनीकरणाला आले होते, ते सगळे टेबलाकडे बघू लागले. हेमचंद्रचा पासही त्यातच होता. त्याचे हात स्वेटरच्या बाह्यांत होते. आता काढू, आता काढू, असं म्हणत तो बसून राहिला आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. नंदाताईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि स्वतःच हात वर केला. बोटं काही उघडली नाहीत.

"व्हेरी गुड स्पिरिट!" मिस्टर कोह खूश झाले.

सचिव हेमचंद्रने इतिवृत्तात नोंद केली: 'तापमानाबाबत तक्रार नाही. एका महिला कर्मचाऱ्याने मूठ उंचावून उत्स्फूर्त पाठिंबा दर्शवला.'

महिनाअखेर नंदाताईंचं नूतनीकरण झालं नाही. काम संथ, असा शेरा होता. निरोपाच्या वेळी हेमचंद्रने वर्गणी काढून त्यांना शाल आणि नारळ दिला. नारळ त्यांनी घेतला. शाल त्याच्या खांद्यांवर टाकत त्या म्हणाल्या, "ही तुम्हालाच राहू द्या. मी बाहेर उन्हात चाललेय."

पेटीत अजगराला उकडलं असावं. कुणालाही न विचारता तो सरपटत गार टोकाला गेला.

आता तुम्ही हेमचंद्रला नावं ठेवाल, आणि खुशाल ठेवा. फक्त मागच्या बैठकीत "कुणाला काही अडचण?" असं विचारलं गेलं, तेव्हा तुमचे हात कुठे होते, तेवढं आधी आठवून बघा.