उतेकर सर आणि पाचोळाबाबा

पुतणीचं लग्न ठरत होतं तेव्हा उतेकर सर मुलाच्या गावी गेले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "इथं मुलाचं कुणाकुणाशी वाकडं आहे?" मग ज्यांच्याशी वाकडं होतं, त्यांच्याच घरी चहा पिऊन परतले. "शिव्या देतात, पण खोटारडा कुणी म्हणत नाही. द्या मुलगी," म्हणाले. संसार छान चाललाय.

महाडच्या शाळेत सर इतिहास शिकवायचे, मी गणित. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी. कुणी काही सांगितलं की सरांचं ठरलेलं, "सांगणारा उभा कुठं होता?" वीर स्टेशनवरचा रिक्षावाला एकदा म्हणाला, "गाडी लेट हाय." सरांनी लगेच विचारलं, "तू फलाटावर होतास की बाहेर?" तो बिचारा खरंच आत जाऊन बघून आला.

निवृत्तीनंतर सरांनी पाचोळाबाबांचं चरित्र लिहायला घेतलं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण पोलादपूरच्या वरच्या डोंगरात त्यांचा मठ आहे. बाबांनी वाड्याच्या वाड्यांची दारू सोडवली. त्यांच्या नादानं कितीतरी माणसं घरदार टाकून मठातच राहिली, हेही खरं. त्यामुळे निम्म्या तालुक्याला ते देव आणि निम्म्याला भोंदू.

सर दोन्हीकडे जायचे. भक्त म्हणत, "तुमी त्या निंदकांत बसता." विरोधक म्हणत, "तुमी मठातला प्रसाद खाता."

"दोघांचंही बरोबर आहे," सर मला खुशीत सांगायचे.

पुस्तकाचा समारंभ पोलादपूरला एका हॉलमध्ये होता. भक्त पुढच्या रांगेत हार घेऊन बसलेले, विरोधक दाराशी हाताची घडी घालून उभे. आज पुस्तक फाटतं की सरांचा सदरा, याची मला धास्ती.

सर उठले. "वाचण्याआधी एक ऐका. मी दुसरीत असताना माझी आई बाबांच्या मठात गेली. ती परत आली नाही. बाबांनी दारू सोडवली, हे लिहिताना माझा हात जड झाला. घरं मोडली, हे लिहिताना भरभर चालला. म्हणून तेच प्रकरण मी पुन्हापुन्हा तपासलं. तरीही कुठं माझा तोल गेला असेल. दिसलं तर सांगा."

इतकी वर्षं शेजारी बसून मला यातलं काही ठाऊक नव्हतं. भक्तांनी हार घातला, पण जरा बिचकतच. दाराशी उभ्या असलेल्यांपैकी एकानं पुस्तक मागून घेतलं.

माणसं पांगल्यावर एक म्हातारी काठी टेकत पायरीपाशी आली. "तू सीतेचा ना रं? मी मठात रांधायला होते. तुझी आय माझ्याबरूबर भाकऱ्या थापायची. थंडी पडली का म्हनायची, माझ्या पोराच्या अंगावर कोन गोधडी घालत आसल का काय?"

सर पायरी उतरून तिच्याजवळ गेले.

"सर, हे पुढच्या आवृत्तीत घालायला हवं," मी हळूच म्हटलं.

"नाही," सर म्हणाले. "हे माझं आहे."

मग तिचा हात धरून त्यांनी तिला पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि आयुष्यभर पुस्तकी मराठी बोललेला तो माणूस म्हणाला, "सांग गो मावशे. आनखी काय म्हनायची?"