ब्रेकमधली हवा आणि सासूबाईंचा पाय

दुपारी गुटू गावी माती द्यायची होती आणि इकडे चितुंग्विझात पिकिराईच्या गाडीचं ब्रेक पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं थेट तळाला जात होतं. ब्रेकचा पाइप त्यानं सकाळीच स्वतः बदलला, त्यात हवा शिरली. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचा हवा सोडायचा निपल पान्यानं सैल करायचा, बुडबुडे गेले की आवळायचा. पाय उचलायचा तो त्यानंतरच.

बायको सेकाई कालच पुढे गेलेली. घरात उरल्या सासूबाई. वारले ते त्यांचेच थोरले भाऊ. पहिली मूठ त्यांचीच पडायची होती.

आता त्यांच्या रीतीनं जावयानं सासूशी बोलायचं म्हणजे आधी नजर खाली, दोन्ही हातांनी हळू, पोकळ टाळ्या आणि मग 'अंबुया' अशी अदबीची हाक. हुकूम तर सोडायचाच नाही. पिकिराई संस्कारी माणूस. गाडीखाली उताणा पडूनही त्यानं पाना छातीवर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

"अंबुया, आपल्याला त्रास नसेल तर ते पेडल जरा..."

"दाबू?"

"मी कसं सांगणार, अंबुया!"

सासूबाईंनी दाबलं. त्यानं निपल सैल केला, फुस्स झालं. आता 'धरून ठेवा' म्हणायचं, तर आधी टाळ्या. पाना सोडला, टाळ्या वाजवल्या, "अंबुया, आपल्या कृपेनं..." म्हणेपर्यंत, जावई बोलतोय तर नीट बसावं म्हणून सासूबाईंनी पाय खाली घेतला. गेली तेवढी हवा परत आत.

पुन्हा तेच. पुन्हा तेच. ऑईलची बाटली तळाला आली. शेजारच्या माई चिपो भिंतीवरून म्हणाल्या, "काय हो, गाडीसाठी प्रार्थना चाललीय का?"

सासूबाई खाली उतरल्या. "ऊठ. मला बोलायला टाळ्या लागत नाहीत. तू वर बस. आण तो पाना."

"अहो अंबुया, काळे कपडे घातलेत तुम्ही! निदान माझी डांगरी तरी घाला."

"जावयाचे कपडे घालू? लाज आहे का काही? हो बाजूला. भाऊ थांबेल रे माझा, पण लोक त्याला फार वेळ थांबू देणार नाहीत."

आणि त्या गाडीखाली गेल्या. "दाब! धर! सोड!" पाय पेडलवर, हात मोकळे, पिकिराईनं प्रत्येक हुकमाला मनसोक्त टाळ्या वाजवल्या. चारही चाकं झटक्यात झाली.

गुटूला पोचले तेव्हा पेटी नुकतीच खड्ड्यात उतरत होती. सासूबाई पुढे आल्या. पाठ, कोपरं, डोक्याचं फडकं, सगळं मातीनं माखलेलं, गालावर ऑईलचा ओघळ. बायकांनी बघितलं मात्र, एकच हंबरडा फुटला.

"बहीण असावी तर अशी! लोळली गं मातीत भावासाठी!"

सासूबाईंनी गुपचूप मूठ टाकली.

सेकाईचे थोरले काका पिकिराईकडे वळले. डांगरी त्यानं घरीच काढली होती, तिच्याखालचा पांढरा शर्ट तसाच इस्त्रीचा होता. तो त्यांनी वरपासून खालपर्यंत सावकाश न्याहाळला.

"जावईबापू, तुम्हाला नाही वाटतं कुणाचं काही?"

पिकिराई उकिडवा बसला. टाळ्या वाजवल्या. मनगटावरचं घड्याळ काढून सेकाईच्या हातात दिलं आणि निमूटपणे मातीत आडवा झाला.