मागच्या सीटचा ब्रेक

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गेल्या सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एकही काम उशिरा झालेलं नाही! मी एका बस कंपनीत वेळापत्रकं बनवतो. बस उशिरा सुटतात हो, पण तो ड्रायव्हरांचा दोष. माझ्या कागदावर प्रत्येक बस वेळेवर पोचलेली आहे. आणि कागद मी शाईने लिहितो. पेन्सिलीने वेळापत्रक लिहिणारा माणूस आपला आपल्यावरच विश्वास नाही असं जाहीर करत असतो.

त्यामुळे आमच्या ब्रिंदिसी शहरापासून लेऊकापर्यंतच्या कौटुंबिक सायकल सहलीचा कागद मी शाईनेच लिहिला. तीन दिवस, समुद्राच्या कडेकडेने. माणसं चार : मी, बायको लोरेदाना, सतरा वर्षांची मुलगी जियादा आणि बहात्तर वर्षांची माझी आई फिलोमेना.

"ओरोंझो," लोरेदाना कागद वाचून म्हणाली, "यात जेवायला अकरा मिनिटं आहेत."

"पाणी पिण्याची धरून!"

"आणि आईंना मध्येच जायचं झालं तर?"

"तो वेळ उतारावर वाचतो."

तिने कागदाची घडी घालून माझ्या खिशात खोचली. वीस वर्षांच्या संसारात बायकोने कागदाची घडी घातली की समजावं, आपलं पटलेलं नाही.

पण ही नुसती हौस नव्हती. माझे वडील, दोनातो, सायकली दुरुस्त करायचे. लग्नाआधी त्यांनी स्वतःच्या हाताने दोघांची एक लांब सायकल बनवली आणि आईला वचन दिलं, "हिच्यावरून तुला लेऊकाला नेतो, मादोन्नामातेच्या चर्चला, जिथे जमीन संपते तिथे." आईला भीती वाटायची म्हणून मागच्या सीटलाही त्यांनी वेगळा ब्रेक बसवला होता. पुढच्या वर्षी मी झालो. त्याच्या पुढच्या वर्षी दुकानाचं छप्पर गळलं. मग "पुढच्या वसंतात नक्की!" असं करत करत ती सायकल एकोणपन्नास वर्षं दुकानाच्या आढ्याला टांगून राहिली. गेल्या मे महिन्यात वडील गेले.

आई रडली नाही. मयताच्या दिवशी नाही, नंतरही नाही. "वेळ कुठाय?" म्हणायची आणि भांडी घासायला घ्यायची. घासलेलीच भांडी! मला ते बघवायचं नाही.

म्हणून मी ठरवलं, ती सायकल खाली उतरवायची, पुढे मी, मागे आई, आणि वर्ष पुरं होताना वडिलांच्या नावाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, लेऊकाला. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता. तिथले फादर फोनवर म्हणाले, "नक्की या बरं! माणसं दुरून नाव नोंदवतात आणि येत नाहीत. मग मला रिकाम्या बाकांपुढे नाव घ्यावं लागतं." माझ्या वडिलांचं नाव रिकाम्या बाकांपुढे? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही!

आईची एकच अट होती. दुखवट्याचं वर्ष पुरं व्हायचंय, तेव्हा सगळ्यांनी काळं घालायचं. सायकलचे शर्ट काळे, विजारी काळ्या, आईच्या डोक्याला काळा रुमाल आणि त्यावर काळं हेल्मेट.

"बाबा, आपण कावळ्यांची सहल दिसतोय," जियादा म्हणाली.

"कावळे वेळेवर पोचतात!" मी म्हणालो.

आणि आम्ही पोचत होतोच! तिसऱ्या दिवशी सकाळी ओत्रांतोचा मुक्काम सोडला, दुपारी दोन चाळीसला एका छोट्या गावात शिरलो. गावाचं नाव सांगत नाही, तिथे मला पुन्हा तोंड दाखवायचंय. लेऊका एकवीस किलोमीटर. सगळं शाईबरहुकूम!

तेवढ्यात बोळातून मयताची गाडी बाहेर आली आणि बरोब्बर आमच्या पुढे लागली. रस्ता अरुंद, डावीकडे समुद्र, उजवीकडे भिंत. गाडीमागे फादर, सहा-सात म्हाताऱ्या बायका आणि तीन पुरुष. बस्स. चाल मुंगीची.

मी हिशोब केला. घंटी वाजवून भिंतीच्या बाजूने सटकलं तर अर्ध्या मिनिटात पुढे. पायडलवर जोर दिला आणि सायकल जागच्या जागी थिजली. मागच्या सीटचा ब्रेक!

"मयताला ओलांडतोस?" आई मागून म्हणाली. "तुझ्या बापाच्या मयताला कोणी सायकलवरून ओलांडलं असतं तर?"

उतरलो. सायकली हातात धरून, माना खाली घालून, चौघं मयतामागे चालू लागलो. पुढच्या चौकात वळू, असा माझा बेत होता.

पुढच्या चौकाआधीच एका टकल्या गृहस्थाने मागे वळून पाहिलं. काळे कपडे, खाली माना, सायकलींना लटकवलेल्या पिशव्या. त्याने शेजारणीला कोपराने ढोसलं. शेजारीण वळली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "आले! देवा रे, बेल्जियमवाले आले!"

गाडी थांबली. ती बाई धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. हिचं नाव पाओलीना. तिच्याच हुंदक्यांतून कळलं ते असं : वारलेला पांतालेओ मासेमारीची जाळी दुरुस्त करणारा होता, वय चौऱ्याऐंशी, एकटा जीव. भाऊ तरुणपणी बेल्जियमच्या खाणीत गेला तो तिकडेच मेला. भावाच्या घरच्यांना फोन केला होता, "येतो" म्हणाले होते. सगळे तासभर दारात वाट बघून शेवटी निघाले होते.

"अहो मावशी, गैरसमज होतोय," मी म्हणालो. "आम्ही ब्रिंदिसीहून आलोय!"

"हो ना! विमान तिथेच उतरतं!"

"पण सायकलीवर?" एक म्हातारी कुजबुजली.

"बेल्जियमची माणसं ती!" टकल्याने सुनावलं. "तिकडे लग्नालासुद्धा सायकलनेच जातात!"

"अहो, पण मी इथलाच आहे! माझी भाषा तरी ऐका!"

"ऐकलंस?" पाओलीना डोळे पुसत म्हणाली. "परदेशात वाढला, पण बोली विसरला नाही पोरगा. रक्त बोलतं, रक्त!"

मी लोरेदानाकडे पाहिलं. तिचे दोन्ही गाल एव्हाना सात बायकांनी ओले केले होते. जियादाला कोणीतरी "हुबेहूब पांतालेओचं कपाळ!" म्हणत होतं.

चर्चच्या पायऱ्यांशी तर कहरच झाला. शवपेटी आत न्यायला चार खांदे लागतात आणि पुरुष होते तीन. "पुतण्या!" टकल्याने मला हाक मारली. आता सायकलच्या बुटांना खाली लोखंडी पट्ट्या असतात, त्या पायडलसाठी, चर्चच्या गुळगुळीत दगडासाठी नव्हे! प्रत्येक पायरीला खट्, खट्, खट्! चौथ्या पायरीवर पाय सटकला, पेटी कलली, बायकांनी "मादोन्ना!" केलं, आणि मी आयुष्यात कधी नव्हे इतक्या मनापासून एका अनोळखी माणसाला मिठी मारली.

पेटी टेकवून घड्याळ पाहिलं. तीन पंचवीस. आईजवळ जाऊन कुजबुजलो, "आता सटकू या. अजून वेळ आहे."

आई पहिल्या बाकाकडे बघत होती. घरच्यांचं बाक. पूर्ण रिकामं.

"तिकडे बाक रिकामं राहील म्हणून तीन दिवस तडफडतोयस," ती म्हणाली. "आणि हे दिसत नाही तुला?"

"आई, पण आपल्या बाबांचं काय?"

"त्यांनी मला एकोणपन्नास वर्षं थांबवलं. थांबतील तेही थोडं."

आणि ती जाऊन बसली. मागोमाग लोरेदाना, जियादा. मी उभा. सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. बसलो झालं! सत्तावीस वर्षांचा लौकिक त्या बाकावर असा बसकण मारून बसला.

बरं, एवढ्यावर भागावं! मिस्सा संपताना फादर म्हणाले, "आता पुतण्या काकांविषयी दोन शब्द बोलेल."

माइकपुढे जाऊन काय सांगू? मेलेल्या माणसाविषयी खोटं बोलायला जीभ धजेना. मग ज्या एका माणसाविषयी मला खरं ठाऊक होतं, त्याच्याविषयी बोललो.

"त्यांचे हात कधी स्वच्छ नसायचे," मी म्हणालो. "कितीही धुतले तरी नखांत काळं राहायचंच. दुसऱ्याचं मोडलेलं नीट करून द्यायचे. स्वतःचं मात्र राहून जायचं. 'पुढच्या वसंतात' म्हणायचे. मी त्यांच्यावर चिडायचो. वेळ पाळत नाहीत म्हणून, माणूस बोलत बसला की दुकान बंद करायचं विसरतात म्हणून. आता वाटतं, मीही बसायला हवं होतं थोडं. मला वेळ होता. मी फक्त तो कागदावर लिहीत बसलो."

"अगदी पांतालेओ!" मागून कोणीतरी म्हणालं. "जाळ्यांच्या डांबराने काळे हात होते बिचाऱ्याचे!"

आणि मग आई रडली. नाकाला रुमाल लावून वगैरे नव्हे. मोठ्याने, पोटातून, वर्षभराचं सगळं. पाओलीनाने तिला घट्ट धरलं. मी खट् खट् करत येऊन आईशेजारी बसलो आणि घड्याळ काढून खिशात टाकलं.

दफनभूमीतून परत येताना पावणेपाच झाले. अजूनही, म्हणजे अगदीच जीव तोडून मारली असती सायकल, तर पोचलो असतो! पण आमच्याकडे मयत झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणून वाढतात, आणि ते नाकारणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं. पांतालेओच्या दोन खोल्यांत आम्हाला बसवलं. कोंबडीचा रस्सा आला, परातभर भाजलेली मॅकरोनी आली, मांसाचे गोळे आले. आधी फादरनी लांबलचक प्रार्थना म्हटली, मग प्रत्येक म्हातारीने पांतालेओची एकेक आठवण सांगितली, आणि ताट रिकामं दिसलं की दुसरीला वाईट वाटायचं.

"अकरा मिनिटं झाली का हो?" लोरेदाना माझ्या कानात म्हणाली. दुखवट्याच्या घरात हसू कसं दाबावं हे तिच्याकडून शिकावं.

चर्चच्या घड्याळाने सहाचे टोले दिले. आमचे चौघांचे चमचे हवेतच थांबले. तिकडे फादर आता नाव घेत असतील आणि समोर नुसती रिकामी बाकं. आईने छातीवर क्रूसाची खूण केली, हलकेच "दोनातो" म्हणाली आणि रस्सा संपवला.

निघताना मी पाओलीनाला बाजूला घेतलं. "मावशी, आता खरं सांगतो. आम्ही बेल्जियमचे नाही. पांतालेओंना मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही."

"मला नाही का ठाऊक!" ती म्हणाली. "त्यांच्या घरात एकाचंही असलं नाक नाही. चर्चच्या पायऱ्यांवर नीट पाहिलं तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाही?"

"सकाळपासून म्हणत होते, देवा, त्याच्यामागे चालायला चार माणसं तरी पाठव. मोजून चार पाठवली. आता देवाला विचारू, की ही कुठली?" मग डोळे पुसून म्हणाली, "तीन दिवस जेवण असतं. उद्या एक वाजता या. नाही आलात तर मला वाईट वाटेल."

लेऊकाला पोचलो तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. सूर्य बुडाला होता, थोडा उजेड होता. चर्चचा सेवक दार लावत होता. मी हेल्मेट हातात घेऊन त्याच्यापुढे उभा राहिलो.

"दोनातोंची मिस्सा... आम्ही घरचे. उशीर झाला."

"असू दे हो!" तो म्हणाला. "पुढचं बाक भरलं होतं."

"कोणी भरलं?"

"परदेशी माणसं. पाच जण, सगळी काळ्या कपड्यांत, मोठी गाडी घेऊन. धापा टाकत आली, विचारलं, मिस्सा सुरू झाली का? म्हटलं, होतेच आहे. बसली. फादरनी नाव घेतलं तेव्हा एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. पण उठली नाहीत! त्यांच्यातली आजी तर रडली. नंतर कळलं, यांना कुठल्या तरी काकाच्या मयताला जायचं होतं. समुद्राकाठचं मादोन्नाचं चर्च, एवढंच ठाऊक. दुपारपासून किनाऱ्यावरची सगळी चर्चं पालथी घातली म्हणे. मी विचारलं, मग चुकलंय कळल्यावर निघाला का नाहीत? तर म्हणाले, या माणसाचं कोणीच आलेलं नव्हतं, उठणार कसं?"

त्याने दार पुन्हा उघडलं. आत वडिलांच्या नावाचा कागद होता आणि त्याखाली फुलांचं मोठं चक्र. फितीवर सोनेरी अक्षरं : 'प्रिय पांतालेओ काकांना, बेल्जियमहून.'

आईने वाकून फीत वाचली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, पुन्हा रडतेय. पण ती हसत होती! वर्षभरानंतर, चर्चमध्ये, हेल्मेटसकट!

"दोनातोचंच काम हे," ती म्हणाली. "मेला तरी स्वतःच्या वेळेला दुसऱ्याच्याच कामात!" मग सेवकाकडे वळली. "त्या माणसांचा नंबर आहे का तुमच्याकडे? असेल तर द्या. त्यांनाही उद्या एक वाजता जेवायला यायचंय."

रात्री खोलीवर मी नवा कागद घेतला. सुटण्याची वेळ लिहिली, चढ लिहिले, उतार लिहिले. पोचण्याची वेळ, दुपारी एक. आणि कोणाला सांगू नका, पण हा कागद मी पेन्सिलीने लिहिला. ब्रेक काही माझ्या हातात नाही!